हल्ली वाचलेल्या साय-फाय आणि फँटसी कादंबऱ्या: कुठे रमलो, कुठे सुटलो

पानखूण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी या प्रकाराचा दर्दी नाही. लागोपाठ दोन साय-फाय झाल्या की मध्ये एखादं चरित्र किंवा प्रवासवर्णन लागतं. दहा-दहा खंडांच्या मालिकांना तर लांबूनच नमस्कार. तरी गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाजलेल्या कादंबऱ्या वाचून झाल्या आणि कुठल्या आवडल्या, कुठल्या रखडल्या याचा हिशेब मांडताना एक गोष्ट ध्यानात आली. ती इथे टाकतो. रहस्यभेद शक्यतो टाळलाय. प्रतिसादात कुणी करणार असेल तर आधी तसं लिहा, म्हणजे बाकीचे डोळे मिटून पुढे सरकतील.

गोष्ट अशी: ज्या कादंबरीतला 'मी' स्वतःच्याच जगाविषयी अर्धवट जाणतो, तिथे मी शेवटपर्यंत टिकतो. जिथे लेखक आधी त्या जगाचा इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायला घेतो, तिथे पहिल्या पन्नास पानांतच माझी दांडी.

सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' (२०२०) हे याचं सगळ्यात चोख उदाहरण. एक अवाढव्य वास्तू, दालनांमागून दालनं, सगळीकडे संगमरवरी पुतळे. खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्यावर ढग. तिथे एक माणूस राहतो. मासे पकडतो, भरती-ओहोटीची वेळापत्रकं मांडतो, पुतळ्यांच्या नोंदी ठेवतो, कोपऱ्यांत सापडलेल्या सांगाड्यांची आस्थेने देखभाल करतो. त्याच्या हिशेबाने जगात आजवर जेमतेम पंधरा माणसं होऊन गेली. आठवड्यातून दोनदा त्याला एक जण भेटायला येतो, नीटनेटक्या कपड्यांत, हातात एक चकचकीत उपकरण घेऊन. त्या उपकरणाचं वर्णन वाचून आपण सावध होतो, निवेदक होत नाही. तो भला माणूस आहे, त्याला ते घर मायाळू वाटतं, येणारा माणूस मित्र वाटतो. आपल्याला कळलंय, याला कधी कळणार, आणि कळल्यावर याचं काय होणार, या काळजीवर अख्खी कादंबरी चालते. शेवटी जे होतं ते मला अपेक्षित होतं त्याहून कितीतरी हळवं निघालं.

क्लार्क यांची पहिली कादंबरी २००४ ची, चांगली जाडजूड, तळटीपांनी भरलेली. मधली सोळा वर्षं, त्यांतली बरीच आजारपणात. ही दुसरी जेमतेम अडीचशे पानांची. २०२० च्या सप्टेंबरात ती आली तेव्हा निम्मं जग घरात अडकून पडलं होतं. पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझही मिळालं.

काझुओ इशिगुरो यांच्या 'क्लारा अँड द सन'मध्ये (२०२१) हेच वेगळ्या तऱ्हेने येतं. क्लारा म्हणजे मुलांना सोबत म्हणून विकत घ्यायचं यंत्र. ती सूर्यप्रकाशावर चालते, म्हणून सूर्य दयाळू आहे आणि मनापासून विनवलं तर तो ऐकेल, असा तिचा निष्कर्ष. तिच्या माहितीपुरता हा तर्क बिनचूक आहे, हीच त्यातली गंमत. त्या समाजात काही मुलांवर लहानपणीच काहीतरी प्रक्रिया करतात. ती नेमकी काय, हे कुणी समोर बसवून सांगत नाही. आयांच्या बोलण्यातून, एका मुलाच्या बंद झालेल्या वाटांमधून ते हळूहळू झिरपत येतं. हात आखडून लिहिणं काय असतं ते इथे पाहावं.

अँडी वीअर यांच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी'त (२०२१) अज्ञान सरळसरळ स्मृतिभ्रंशाचं आहे. एक माणूस शुद्धीवर येतो, स्वतःचं नाव आठवत नाही, शेजारी दोन मृतदेह. काहीतरी विचित्र वाटतंय म्हणून तो वस्तू खाली पाडून वेळ मोजतो आणि गुरुत्वत्वरण काढतो. उत्तर येतं १५. पृथ्वीवर असता तर ९.८ यायला हवं होतं! इथे मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो होतो. पुढे त्याला एक सोबती मिळतो, त्याच्याविषयी न बोललेलंच बरं, पण अलीकडच्या साय-फायमधली इतकी लोभस मैत्री मी तरी दुसरी वाचली नाही. माणसं मात्र पुठ्ठ्याची आहेत आणि विनोद कधी कधी इतके बाळबोध की आपणच ओशाळतो.

कुरकुर करत पूर्ण केलेली: आर. एफ. क्वांग यांची 'बॅबेल' (२०२२). १८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड, चांदीच्या कांड्यांवर कोरलेल्या शब्दांतली जादू आणि त्या चांदीवर पोसलेलं साम्राज्य. कल्पना एक नंबर. पण प्रत्येक प्रसंगानंतर त्याचा अर्थ सांगितला जातो, वर तळटीप. अहो, साम्राज्य वाईट असतं हे पटलंय मला, गोष्ट पुढे न्या.

तुमचा अनुभव काय?

हिरवीशाई

वाचनखुणेत साठवलं. 'क्लारा'बद्दल अगदी सहमत. गोदामात सूर्याची विनवणी करायचा प्रसंग मला अजून आठवतो.

उत्तररात्र

छान धागा, पण नियम मान्य नाही. तुमच्या कसोटीवर एड्रियन चायकोव्स्की यांची 'चिल्ड्रन ऑफ टाइम' (२०१५) साफ नापास व्हायला हवी. तिथे निवेदक सर्वज्ञ आहे, हजारो वर्षांचा पट आहे, आणि काही प्रकरणं तर चक्क उत्क्रांतीवरची व्याख्यानं आहेत. तरी ती अलीकडच्या सर्वोत्तम साय-फायपैकी एक आहे आणि २०१६ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार तिला उगाच मिळालेला नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: माकडांना बुद्धिमान करण्यासाठी तयार केलेला एक विषाणू, त्यांच्यासाठीच राहण्याजोगा केलेला एक ग्रह. माकडं काही पोहोचत नाहीत. विषाणू पोहोचतो, आणि तो लागू पडतो कोळ्यांना. पुढे कोळ्यांची संस्कृती पिढ्यान् पिढ्या कशी वाढते याचा इतिहास. त्यांचं संभाषण जाळ्याच्या कंपनांतून चालतं. मुंग्यांच्या वसाहती रसायनांनी हाकून ते त्यांच्याकडून गणनयंत्राचं काम करून घेतात. मादी नराला खाते हा निसर्गनियम, मग त्यात नरांच्या हक्कांची चळवळ कशी उभी राहील? लेखकाने हा प्रश्न गंभीरपणे घेतलाय, आणि वाचताना हसू येता येता मध्येच गिळावं लागतं.

एक क्लृप्ती विशेष. पिढ्या बदलतात, पण कोळ्यांची नावं तीच राहतात: पोर्शिया, बियांका, फेबियन. प्रत्येक वेळी ती वेगळी व्यक्ती असते, तरी आपण आपल्या ओळखीच्या पोर्शियाची काळजी करत राहतो. हजारो वर्षांची गोष्ट सांगताना वाचकाचा जीव कशात गुंतवायचा, हा या प्रकारातला जुना पेच. तो इतक्या सोप्या युक्तीने सुटलेला मी पाहिला नव्हता.

तेव्हा माहिती देणं हा गुन्हा नाही. कंटाळवाणी माहिती देणं हा गुन्हा आहे.

पानखूण

उत्तररात्र, मुद्दा रास्त आहे, पण थोडा वाद घालतो. त्या कादंबरीत सर्वज्ञ निवेदक आहे खरा, पण कोळ्यांना काय माहीत आहे? आकाशातून फिरणारा एक ठिपका संदेश पाठवतो, आणि त्या संदेशाभोवती ते धर्म उभा करतात. तो ठिपका म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. मी ज्या काळजीबद्दल म्हणत होतो ती इथेही आहे, फक्त एका माणसाऐवजी एका संस्कृतीची. उलट त्याच कादंबरीतलं मानवी जहाज मला रटाळ वाटलं. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि ते भांडत बसतात.

उत्तररात्र

जहाजाची प्रकरणं रटाळ आहेत याला +१. नियम अजूनही अमान्य.

अनाहूत

लिऊ त्सशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'चं नाव अजून कसं आलं नाही? अलीकडची म्हणावी का हा प्रश्न आहे, कारण चिनी मासिकात ती २००६ मध्ये क्रमशः आली होती. पण केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४ चा, आणि पुढच्या वर्षी ह्यूगो (साय-फाय-फँटसीतला मानाचा पुरस्कार) मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी.

आपल्याकडे नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्यांना ती लवकर भिडेल असं वाटतं, कारण इथेही विज्ञानातला एक प्रश्न गाभ्याला आहे आणि माणसं त्याच्याभोवती फिरतात. दोन वस्तूंचं एकमेकींभोवतीचं भ्रमण न्यूटनच्या गणिताने कायमचं सांगता येतं. तिसरी आली की सर्वसाधारण सूत्र हाती लागत नाही, सुरुवातीच्या स्थितीत केसभर फरक पडला तरी पुढचं सगळं बदलतं. आता कल्पना करा, तीन सूर्य असलेल्या जगात एक संस्कृती राहते आणि उद्या सूर्य उगवेल का, किती उगवतील, हे तिला सांगता येत नाही. यावरून तिचा स्वभाव कसा घडेल? आणि तिला आपला पत्ता कळला तर?

पात्रं सपाट आहेत हा आक्षेप नेहमीचा. नायक वांग म्याओची बायको आणि मूल तर दोन प्रसंगांनंतर जणू लेखकाच्या लक्षातूनच जातात. पण ये वेन्च्ये सपाट नाही. सांस्कृतिक क्रांतीत स्वतःच्या वडिलांना जमावाकडून मारलं जाताना पाहिलेली मुलगी, आणि तिने पुढे घेतलेला एक निर्णय. तो निर्णय भयंकर आहे आणि मला तिचा राग येत नाही, यातच लेखक जिंकला. इंग्रजीत कादंबरी या प्रसंगाने उघडते. चिनी पुस्तकात तो मध्ये कुठेतरी ढकलला होता. इंग्रजीतला क्रम मला जास्त योग्य वाटतो, कारण तो प्रसंग आधी पाहिला नाही तर पुढचा निर्णय नुसता वेडेपणा वाटला असता.

टेकडीपल्याड

पहिला भाग उत्तम. दुसऱ्यात कल्पना त्याहून मोठी, पण नायकाची स्वप्नसुंदरी शोधून आणून देण्याचं जे प्रकरण आहे ते वाचताना पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं. विश्वाच्या अंतापर्यंतचं सुचतं, एक धड स्त्री पात्र सुचत नाही.

अनाहूत

टेकडीपल्याड, यावर बचाव नाही.

निळावंती

शीर्षकात फँटसी आहे आणि इथे नुसती अंतराळयानं उडतायत. आमचाही थोडा विचार करा!

रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची 'द टेन्टेड कप' (२०२४) वाचा. २०२५ चा ह्यूगो तिला मिळालाय. एका बड्या घरात मुक्कामाला आलेल्या अधिकाऱ्याच्या शरीरातून झाडोरा उगवतो आणि तो जागीच मरतो. हा खून कुणी केला? तपास करणारी बाई विक्षिप्त, डोळ्यांवर पट्टी बांधून खोलीत बसते, कारण जगाचा गलबला तिला सोसवत नाही. तिचा तरुण मदतनीस बाहेर जाऊन पाहतो, ऐकतो, हुंगतो आणि येऊन जसंच्या तसं सांगतो. स्मरणशक्ती कधी पुसली जाऊ नये असा बदल त्याच्यात करून घेतलाय, आणि वासांच्या कुप्या हुंगून तो हवी ती आठवण वर काढतो. होम्स-वॉटसनचाच साचा, पण साम्राज्याचं सगळं तंत्र वनस्पती, बुरशी आणि शरीरांच्या फेरफारांवर चालतं. दरवर्षी पावसाळ्यात समुद्रातून डोंगराएवढे प्राणी येतात, आणि किनाऱ्याच्या भिंती टिकल्या तर साम्राज्य टिकणार.

पानखूण, तुमच्या नियमात हा निवेदक चपखल बसतो. त्याला सगळं आठवतं पण त्याचा अर्थ लागत नाही. माहिती एकाकडे, समज दुसरीकडे. शिवाय मला आवडलं ते हे की कथेच्या तळाशी भिंतींची डागडुजी, ठेकेदारी आणि सरकारी हलगर्जीपणा आहे. राजपुत्राचं भाकीत वगैरे भानगड नाही.

भाकितावरून आठवलं. वज्र चंद्रसेकर या श्रीलंकेच्या लेखकाची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३). जन्मतःच आई मुलाची सावली खिळ्याने तोडून काढते आणि बापाला मारण्यासाठी त्याला वाढवते. बाप म्हणजे हजारो अनुयायी असलेला एक धर्मपुरुष. मुलगा मोठा होतो, शहरात येतो आणि हे सगळं सोडून देतो. ज्यांची 'निवड' होता होता राहिली अशा लोकांच्या एका मदतगटात तो जाऊन बसतो! मी मोठ्याने हसले होते. पण पुढे तेच पुस्तक दंगली, साथी, छावण्या आणि कागदपत्रांच्या जंगलात नेतं तेव्हा हसू विरतं. नेब्युला मिळालेलं आहे. सोपं नाही. मधली काही पानं मला दोनदा वाचावी लागली आणि शेवट सगळ्यांना रुचेल असं नाही.

शून्यप्रहर

निळावंती, 'टेन्टेड कप'ला दुजोरा. दुसरा भाग 'अ ड्रॉप ऑफ करप्शन' २०२५ मध्ये आलाय. दोन्ही गुन्हे त्या त्या पुस्तकात सुटतात. मालिका असूनही वाचकाला टांगून ठेवत नाहीत, हे हल्ली दुर्मीळ झालंय.

मला पुरस्कारांचं एवढं कौतुक नाही. २०२३ च्या चंग्दू इथल्या ह्यूगोत धागाकर्त्यांची नावडती 'बॅबेल' अपात्र ठरवली होती. कारण दिलंच नाही. पुढच्या जानेवारीत आकडे बाहेर आले तेव्हा कळलं की मतं पुरेशी होती. त्यावरून झालेला गदारोळ रास्तच होता. पुस्तक आवडो न आवडो, ते असं बाजूला काढणं वाईट.

पानखूण

नावडती नाही हो, कुरकुर करत पूर्ण केलेली! बाकी सहमत.

झुळूक२२

'फोर्थ विंग' कुणीच वाचलं नाही का? की वाचलंय आणि कबूल करायचं नाही? 😀

टेकडीपल्याड

वाचलंय. ड्रॅगनस्वारांचं सैनिकी महाविद्यालय, पाहिल्याक्षणी धोकादायक आणि देखणा वाटणारा सहाध्यायी, आणि नायिकेच्या मनातले तेच ते उसासे. ड्रॅगन हे त्या पुस्तकातले सगळ्यात समजूतदार नागरिक आहेत. माझ्यासाठी बास.

झुळूक२२

म्हणजे वाचलंत तर पूर्ण. 😀 मला काय वाटतं सांगते. रिबेका यारोसची नायिका शरीराने नाजूक आहे, सांधे सहज निखळतात, आणि पहिल्या पानापासून ती या दुखण्यासह जगायच्या युक्त्या शोधते. ती चमत्काराने बरी होत नाही. खोगीर वेगळं बनवून घ्यावं लागतं. फँटसीत दुबळ्या नायकाला शेवटी धडधाकट करून टाकायची सवय आहे, ती इथे मोडली. प्रेमकथा भडक आहे, मान्य. पण पहाटेपर्यंत जागून वाचायला लावते त्या पुस्तकाला नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

निळावंती

खोगिराचा मुद्दा आवडला. मी पहिल्या दोनशे पानांत सोडलं होतं, तरी हे पटलं.

रेघोटी

समांथा हार्वी यांची 'ऑर्बिटल' इथे चालेल का? २०२४ चं बुकर. अंतराळस्थानकातले सहा जण, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. यंत्रमानव नाहीत, परग्रहवासी नाहीत, घटनाही जवळपास नाहीत. गद्य मात्र अप्रतिम.

उत्तररात्र

साय-फाय नाही. यातलं सगळं आज रोज घडतंय. पृथ्वीविषयीचं निबंधलेखन म्हणून उत्तम, कादंबरी म्हणून मला पाचव्या फेरीनंतर पेंग आली.

रेघोटी

पेंग येणं हा तुमचा प्रश्न. :) साय-फाय म्हणजे फक्त न घडलेलं असं कुठे आहे? दिवसाला सोळा सूर्योदय पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यात काळाचं काय होतं, हा प्रश्न मला या प्रकारातलाच वाटतो.

कणाद_

'हेल मेरी'बद्दल थोडं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे असेल, पण मला त्यातला सोबती विज्ञानाच्या अंगाने जास्त आवडला. (पुढे थोडा रहस्यभेद आहे, न वाचलेल्यांनी हा प्रतिसाद ओलांडून जा.)

त्याच्या ग्रहावर अमोनियाचं वातावरण, दाब आपल्या २९ पट, त्यामुळे जमिनीपर्यंत उजेडच पोहोचत नाही. म्हणून डोळे नाहीत, सगळं ध्वनीवर. मग अशा लोकांना तारे कधी कळणार? ते अंतराळात जाण्याइतके हुशार अभियंते आहेत, पण किरणोत्साराची त्यांना कल्पना नाही, कारण इतक्या जाड वातावरणाखाली तो कधी जाणवलाच नाही. सापेक्षता माहीत नाही, म्हणून इंधनाचा हिशेब भलताच चुकतो. एका समाजाला काय माहीत असेल हे तो कुठे राहतो यावरून ठरतं, हे वीअरने फार नेटकं मांडलंय. उलट माणूस तिथे जाऊन पोहोचतो तो हिशेबात त्याच्याहून कच्चा असतो. दोघांची अज्ञानं एकमेकांना पूरक आहेत आणि मैत्री त्यातून होते.

हा भाग वर्गात सांगितला की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. बाळबोध विनोद त्यांना आवडतात, ही गोष्ट वेगळी.

पानखूण

कणाद_, हे फार आवडलं. मी फक्त नायकाच्या विसराळूपणाकडे पाहत होतो, खरं अज्ञान त्या दुसऱ्याचं जास्त रंजक आहे.

अबोली_

अर्काडी मार्टिन यांची 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर' (२०१९) या चर्चेत हवीच. एका छोट्या अंतराळस्थानकाची तरुण राजदूत बलाढ्य साम्राज्याच्या राजधानीत येते. आधीचा राजदूत मेलाय. त्याच्या स्मृतींची प्रत तिच्या मेंदूत बसवलेली आहे, पण ती पंधरा वर्षं जुनी. म्हणजे तिचा सल्लागार तिच्या डोक्यातच आहे आणि त्याची माहिती शिळी. त्यात ती प्रत बिघडते.

लेखिका बायझंटाइन इतिहासाची अभ्यासक, त्यामुळे दरबारी राजकारण पक्कं आहे. तिथे कवितेच्या वृत्तातून धमक्या दिल्या जातात. आणि नायिकेचं दुखणं असं की गिळायला निघालेल्या त्या साम्राज्याच्या साहित्यावर तिचं लहानपणापासून प्रेम आहे. 'बॅबेल' जे तळटीपांतून सांगते ते इथे मेजवानीतल्या एका अवघडलेल्या संभाषणात येतं.

शून्यप्रहर

सुरुवातीची नावं जड जातात पण. आकडा अधिक वस्तू अशी नावं असतात. मला शंभर पानं लागली कोण कुठल्या बाजूचं आहे ते कळायला.

अबोली_

नायिकेलाही तेवढीच लागतात. :)

नवखा_वाचक

सगळं वाचून दडपण आलं. मी या प्रकारातलं काहीच वाचलेलं नाही आणि एका बैठकीत संपेल असं काहीतरी हवंय. 'पिरानेसी'ने सुरुवात करू का?

निळावंती

करा, पण मागचं पान, परीक्षणं काहीही वाचू नका. पहिली चाळीसेक पानं दालनांची नावं आणि दिशा येतील, त्या पाठ करायच्या नाहीत.

उत्तररात्र

एका बैठकीत हवं असेल तर मार्था वेल्स यांची 'ऑल सिस्टम्स रेड' (२०१७). जेमतेम दीडशे पानं, ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही. सुरक्षेसाठी भाड्याने दिलेलं अर्धयंत्र स्वतःवरचं नियंत्रण गुपचूप तोडतं. आता ते कुणाचाही जीव घेऊ शकतं. ते करतं काय, तर मिळेल तेवढा वेळ मालिका बघत बसतं, आणि माणसांनी आपल्याशी बोलू नये अशी त्याची इच्छा असते. माणसं नेमकी चांगली निघतात, तिथून त्याची पंचाईत.

आणि पानखूण, हो, यातल्या निवेदकाला बाहेरचं जग पक्कं माहीत आहे, स्वतःच्या मनात काय चाललंय तेच कळत नाही. तुमच्या नियमाला हे एक उदाहरण बहाल.

पानखूण

घेतलं. :) नवखा_वाचक, ही मालिका वाचायची ठरवली तर 'नेटवर्क इफेक्ट' लगेच उघडू नका. ती पूर्ण लांबीची कादंबरी आहे, पण तिच्यातलं एक महत्त्वाचं पात्र आधीच्या छोट्या पुस्तकांपैकी दुसऱ्यात भेटतं. ती ओळख नसेल तर तिच्यातलं भांडण नुसतं भांडण वाटेल.

नवखा_वाचक

आधी 'ऑल सिस्टम्स रेड', मग 'पिरानेसी'. वाचून झाल्यावर इथेच लिहितो.

झुळूक२२

आणि मग 'फोर्थ विंग'. कुणाला सांगू नका.